हात लावणे

माउली, डोक्यावर सरपणाचा भारा घ्यायचा असला की बाई वाटेने जाणाऱ्याला हाक मारते, “बाबा, जरा हात लाव.” आपल्या परभणीकडे हे तुम्ही किती वेळा ऐकले असेल! हात लावणारा भारा चढवून देतो आणि आपल्या वाटेला लागतो. नावगाव विचारायचे राहूनच जाते.

याच जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. परंपरा सांगते, दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपुरात दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवरायांच्या वडिलांच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. जनाबाईंच्या अभंगांत पांडुरंग तिला काय देतो ते पाहा. धन नाही, मान नाही. तो जात्यापाशी बसून दळू लागतो, केर भरतो, शेण्या वेचतो. जड जाते एकटीने ओढताना खांदा कसा भरून येतो, हे दळणाऱ्या बाईलाच ठाऊक. देव तिथे खुंट्याला हात लावतो. मला तर सगळ्या चमत्कारांत हाच मोठा वाटतो.

पण ‘हात लावणे’ म्हणजे शिवणेही. इथे आपला इतिहास अडतो, माउली. कित्येकांच्या भाऱ्याला, घागरीला पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावत नसे. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराबाहेर आहे. वारीत एकमेकांच्या पाया पडताना जात विचारायची नाही, ही आपली रीत जुनी. तरीही इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवले आहे, की एकाच दिंडीत बरोबर चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसत. विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. ती माणसे दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. रस्त्यावर वाकणे त्यांना जमत होते, पाण्यापाशी जमत नव्हते.

आता शेगावची पालखी परभणीहून गंगाखेडला येते, तेव्हा पाण्याचा पेला कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो, हे कुणी पाहत नाही. आनंदाची गोष्ट आहे. पालखी पुढे गेल्यावरचे एक सांगतो. एसटी स्टँडवर एक आजी ज्वारीचे पोते गाडीत चढवायला धडपडत होती. गळ्यात माळ असलेले आम्ही चौघे बाकावर वारीच्याच गप्पा मारत बसलो होतो. कुणाची असेल, बरोबर कुणी असेलच, असे म्हणेपर्यंत कॉलेजातल्या एका पोराने मोबाईल खिशात टाकला, पोते आत लोटले आणि पायरीवरून उतरला. आजी खिडकीतून त्याला “माउली, माउली” म्हणत होती. तोवर तो पोरगा गर्दीत दिसेनासा झाला होता.