गोठवलेला आमरस

गोठवलेला आमरस : पिकलेल्या आंब्याचा गर उणे १८° सेल्सियस किंवा त्याखाली गोठवून केलेला साठा. वाशिष्ठीच्या मुखावरल्या दाभोळ (ता. दापोली, जि. रत्नागिरी) परिसरात हापूसचा हंगाम पावसाच्या तोंडावर आटोपतो. पुढच्या महिन्यांची बेगमी पूर्वी आटवलेल्या रसावर, साठांवर (आंबापोळ्यांवर) आणि बाटलीबंद रसावर चाले. रस आटवताना किंवा बाटल्या उकळताना उष्णतेने जंतू मरतात, साठांत त्यांना वाढायला पाणी उरत नाही. फ्रीझर मात्र जंतूंना फक्त थोपवून धरतो. त्यामुळे रसाची सुरक्षितता बरीचशी आंबे धुताना आणि पिळतानाच ठरते. पाणी आणि हात स्वच्छ नसतील, तर पुढे कितीही काळजीने वितळवला तरी दोष जात नाही. अमेरिकेत १९९९ आणि २०१० साली झालेल्या विषमज्वराच्या लागणींचा माग मामे या चिकूच्या कुळातल्या फळाच्या गोठवलेल्या गरापर्यंत लागला होता.

आंबा आंबट, त्यात जंतू कसे वाढणार, असा आक्षेप येतो. आम्लामुळे बऱ्याच जिवाणूंची वाढ मंदावते, हे खरे. पण काविळीचा हिपॅटायटिस-ए विषाणू अन्नात वाढतच नाही, नुसता टिकतो, आणि तेवढ्यानेही आजार होतो. शिवाय पिकलेल्या हापूसची आंबटी बेताचीच असते.

वितळण्यासाठी ओट्यावर ठेवलेल्या डब्यात कडेचा रस सुटून कोमट होतो, तेव्हा मधला गोळा अजून दगडासारखा असतो. कोकणातल्या उकाड्यात ही कड तासाभरात जंतूंच्या सोयीची होते. म्हणून डबा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. घाई असल्यास घट्ट बंद पिशवी गार पाण्यात बुडवून दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि रस लगेच संपवावा. लहान डबे भरणे हाच यावरचा सर्वांत चांगला उपाय.

एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवला की विषारी होतो, ही समजूत टोकाची आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यात अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी या समजुतीपायी चांगला रसही फेकला जाऊ शकतो. गच्च भरलेला फ्रीझर न उघडल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. रसात बर्फाचे कण असतील तर तो पुन्हा गोठवता येतो. पोत तेवढा पातळ होतो. पूर्ण वितळला, पण फ्रिजइतका गार असेल, तर त्याच दिवशी आटवावा. कोमट झालेला किंवा फसफसलेला टाकून द्यावा.