ठासणीची बंदूक आणि दारूची पारख

धार, देवास, लोहारदा या माळव्याच्या पट्ट्यात अठराव्या शतकात मराठी फौजा स्थिरावल्या. त्यांच्या तोफा-बंदुकांची मोजदाद झाली. नळीत ठासायच्या दारूकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. वास्तविक शिपायाचा जीव तिच्या निवडीवर अवलंबून असे.

शोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण. त्यात सुमारे तीन चतुर्थांश शोराच. शोरा शब्द फारसी, गंधक संस्कृत, कोळसा देशी. बाजारात जे एकत्र आले तेच भाषेतही. खुद्द ‘दारू’ म्हणजे फारसीत औषध. चिनी भाषेतही तिचे नाव ‘अग्निऔषध’ असेच आहे, आणि अरबांनी शोऱ्याला ‘चिनी बर्फ’ म्हटले.

शोरा नीट शुद्ध केला नाही, त्यात मीठ राहिले, तर दारू ओल धरते. माळव्याच्या पावसाळ्यात हा दोष घातक ठरे. दाणाही पाहावा लागे. जाड दाणा सावकाश जळतो, म्हणून तो तोफेला. बारीक दाणा बंदुकीला. आणि कानावर घालायची रंजक सर्वांत बारीक. (आज रंजक म्हटले की कथाच आठवते!) तोफेत बारीक दारू भरली तर नळी फुटण्याचे भय, रंजक दमट असली तर बारच होत नसे.

म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना घराजवळ नसावा आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, मग पुन्हा मोहर करून ठेवावी, अशी ताकीद आहे.