जाने भी दो यारो
मुंबईतील बिल्डर-नोकरशाही संगनमतावरचा हिंदी विनोदी चित्रपट (1983). दिग्दर्शन कुंदन शाह (पहा : शाह, कुंदन), निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची. विनोद व सुधीर (नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी) या होतकरू छायाचित्रकारांनी टिपलेले एक छायाचित्र मोठे करून पाहताच त्यात खून उघड होतो. पुढे खून झालेल्या आयुक्त डिमेलोचे (सतीश शाह) प्रेत महाभारताच्या प्रयोगात साडी नेसून द्रौपदी म्हणून उभे राहते आणि भर रंगमंचावर त्याच्यासाठी झोंबाझोंबी होते. चित्रपटाचा कळस हाच. संपादिका शोभाची भूमिका भक्ती बर्वे (पहा : बर्वे, भक्ती) यांची. अखेरीस शिक्षा निर्दोष छायाचित्रकारांनाच होते. दिग्दर्शकाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिजिटल संस्कार केलेली प्रत 2012 मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाली.