दिनविशेष : ३० जुलै
गणपतराव देशमुख यांचा स्मृतिदिन (२०२१)

एक पक्ष, एक मतदारसंघ आणि अकरा विजय! सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांनी २०२१ साली आजच्या दिवशी सोलापुरात अखेरचा श्वास घेतला. पेशाने वकील असलेले गणपतराव १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) प्रथम विधानसभेत गेले. १९७२ आणि १९९५ चे पराभव सोडले, तर सांगोल्याने त्यांची साथ सोडली नाही. २०१४ मध्ये ते अकराव्यांदा निवडून आले. विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी सभागृह गाजवले. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतरच्या आघाडी सरकारात ते मंत्रीही झाले.

एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असते. त्यावर सहसा दुसरेच कुणी बसलेले दिसते; ‘आबासाहेब’ म्हणून ओळखले जाणारे गणपतराव मात्र तिथून खरोखर प्रवास करत. दुष्काळी माणदेशात शेतीचे पाणी आणि सहकारी सूतगिरणी यांसाठी ते झटले. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. २०२४ मध्ये त्यांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख ‘शेकाप’कडूनच सांगोल्याचे आमदार झाले.