वसुदेवाचा पेला आणि फ्लशची टाकी

फ्लशच्या इतिहासात १५९६ मध्ये आपल्या शौचकूपाचे वर्णन प्रसिद्ध करणारा जॉन हॅरिंग्टन आणि १७७५ मध्ये भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी अडवून दुर्गंधी रोखणारा लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांचा मान मोठा आहे. परंतु साखळीच्या टाकीचे कूळ वसुदेवाच्या पेल्याशी जुळते. या पेल्यात उभ्या असलेल्या, बाळकृष्णाला घेतलेल्या वसुदेवाच्या मूर्तीत वक्रनळी, म्हणजे वर चढून पुन्हा खाली वळणारी नळी, दडवलेली असते. पाणी कृष्णाच्या पावलाला टेकले, म्हणजेच नळीच्या माथ्यावर आले, की ते तळातून वाहू लागते आणि पेला रिता होईपर्यंत थांबत नाही.

आरंभीच्या टाक्यांच्या बुडाशी झडप असे, ती झिजली की पाणी अहोरात्र गळे, आणि लंडनला पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांना ही गळती सोसवत नसे. म्हणूनच वक्रनळीच्या टाकीला स्वच्छतेवरून नव्हे, तर ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, म्हणजे पाण्याची नासाडी रोखणारी, असे नाव पडले. १८९८ मध्ये अल्बर्ट गिब्लिनने पेटंट घेतलेल्या बिनझडपेच्या टाकीचे श्रेय ती विकणाऱ्या थॉमस क्रॅपरला सर्रास दिले जाते, ते अन्यायाचे आहे. या टाकीत नळीचा माथा पाण्याच्या पातळीहून उंच असल्यामुळे पाणी आपणहून गळत नाही. साखळी ओढली की आतली चकती पाणी माथ्यापलीकडे लोटते आणि मागचे पाणी त्यापाठोपाठ खेचले जाते.

पेला आपोआप रिता होतो, टाकीला मात्र साखळी लागते, तेव्हा हे नाते ओढूनताणून जोडलेले आहे, असा आक्षेप संभवतो. त्याला उत्तर सार्वजनिक मुताऱ्यांवरच्या जुन्या टाकीत मिळते: तिला साखळी नसते, बारीक धारेने पाणी भरत जाते आणि माथ्याशी पोहोचताच सारी टाकी सुटते, हा वसुदेवाचा पेलाच होय. गिब्लिनने असा पेला पाहिलाच असला पाहिजे असेही नाही, कारण अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या ग्रंथातील वक्रनळ्या १५७५ च्या लॅटिन भाषांतरापासून युरोपीय विद्वानांना परिचित होत्या.

दुरुस्तीतही हेच कूळ उपयोगी पडते. वक्रनळीच्या टाकीची साखळी दोन-तीनदा ओढावी लागत असेल, तर पाण्याची पातळी तपासावी. ती ठीक असल्यास चकतीवरचा पातळ पडदा बहुधा फाटलेला असतो. झडपेच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर झडपेचे रबर बदलावे.