स्टॅनली पार्क सीवॉल

स्टॅनली पार्क सीवॉल ही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर शहराच्या स्टॅनली पार्क या उद्यानाभोवती समुद्राच्या कडेने बांधलेली दगडी संरक्षक भिंत व तिच्या माथ्यावरून जाणारा पदपथ आहे. सुमारे ९ किलोमीटरची ही फेरी साधारण चालीने दोन ते तीन तासांत पूर्ण होते. आज तिची ख्याती रम्य फिरण्याचा मार्ग म्हणून असली, तरी भिंत बांधण्याचे मूळ कारण किनाऱ्याची धूप हे होते. उद्यानाच्या उत्तरेकडील अरुंद खाडीमुखातून जाणाऱ्या जहाजांच्या लाटांनी काठ ढासळू लागला होता.

इतिहास

सुमारे ४०५ हेक्टरांचे हे उद्यान १८८८ मध्ये खुले झाले व गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यापूर्वी हे द्वीपकल्प निर्मनुष्य नव्हते. मस्क्वियम, स्क्वामिश व स्लेल-वॉटुथ या आदिवासी राष्ट्रांचा येथे पिढ्यान्‌पिढ्या वावर होता आणि सध्याच्या लंबरमन्स आर्चजवळ ख्वायख्वाय नावाचे गाव होते. उद्यानाचा पहिला रस्ता या गावातूनच काढला गेला आणि गावाजवळ साचलेले शिंपल्यांचे जुने ढीग खणून ते त्या रस्त्यावर पसरण्यात आले.

भिंतीचे काम १९१७ मध्ये सुरू झाले, ते पूर्ण व्हायला सहा दशकांहून अधिक काळ लागला. निधी मिळेल तसे काम पुढे सरके. बेकारांना रोजगार देण्यासाठीही ते वेळोवेळी काढले जाई, तर १९५० च्या दशकात शेजारच्या डेडमन्स बेटावरील नौदल तळातील शिक्षा झालेल्या खलाशांनाही येथे राबवले गेले. या बांधकामाशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव मात्र जेम्स कनिंगहॅम या स्कॉटिश पाथरवटाचे आहे. १९३१ पासून त्यांनी कामाची देखरेख केली व निवृत्तीनंतरही ते कामावर येत राहिले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा फेरी अपुरीच होती. शेवटचा भाग फरसबंद होऊन वर्तुळ जुळले ते १९८० मध्ये. सिवॉश रॉकजवळ कनिंगहॅम यांचा स्मृतिफलक आहे.

मार्ग

सायकलस्वारांना घड्याळाच्या उलट दिशेनेच जावे लागते. पादचाऱ्यांना तसे बंधन नाही, तथापि बहुतेक जण त्याच दिशेने चालतात. कोल हार्बरपासून निघाल्यावर रोज रात्री नऊ वाजता डागली जाणारी तोफ व ब्रॉक्टन पॉइंटचे दीपगृह लागते. टोटेम स्तंभ जवळच, किंचित आतल्या बाजूस आहेत. पुढे पाण्यातील खडकावर ‘गर्ल इन अ वेटसूट’ हा १९७२ चा पुतळा दिसतो. १९३८ मध्ये खुल्या झालेल्या लायन्स गेट पुलाखालून गेल्यावर वाट पश्चिमेच्या उघड्या समुद्राकडे वळते. एका हाताला उंच कडा आणि दुसऱ्या हाताला लाटा असा हा टप्पा फेरीतील सर्वांत एकांताचा आहे. येथेच सिवॉश रॉक हा सुटा सुळका उभा आहे. स्क्वामिश परंपरेत तो शिळा झालेला पुरुष मानला जातो. ‘सिवॉश’ हा शब्द मात्र आदिवासींसाठी वापरला जाणारा हीनत्वदर्शक शब्द असल्याने त्या नावावर आक्षेप घेतला जातो. त्यानंतर थर्ड बीच व सेकंड बीच या पुळणी ओलांडून वाट इंग्लिश बेपाशी येते आणि लॉस्ट लगून तळ्याच्या काठाने आरंभस्थानी परतते.

उद्यानाबाहेर, कोल हार्बरच्या किनारपथावर ‘कोमागाता मारू’चे स्मारक आहे. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन आलेले हे जहाज याच खाडीत दोन महिने अडवून ठेवण्यात आले होते. त्यांतील बहुसंख्य पंजाबी होते आणि मोजक्यांनाच उतरू देण्यात आले.

हानी व देखभाल

डिसेंबर २००६ च्या वादळात उद्यानातील सुमारे १०,००० झाडे पडली. प्रॉस्पेक्ट पॉइंट ते थर्ड बीच हा भाग त्यानंतर जवळपास वर्षभर बंद होता. ७ जानेवारी २०२२ रोजी उधाणाची भरती व वादळ एकाच वेळी आल्याने लाटांनी भिंतीचे दगड व फरसबंदी उखडली आणि ओंडके पदपथावर येऊन पडले. याच पश्चिम भागात वरच्या कड्यावरून दगड निसटण्याचाही धोका असतो. त्यामुळे सैल खडक काढून टाकण्यासाठी तो टप्पा अधूनमधून काही दिवस बंद ठेवला जातो.