भलत्या जागी फुटलेल्या वाहिन्या

काचबिंदूचे सगळे प्रकार सारखे नसतात. आज बोलायचे आहे ते त्यातल्या एका हट्टी प्रकाराबद्दल. मधुमेह जुना झाला, किंवा डोळ्याच्या पडद्याची मुख्य नीला तुंबली, की पडद्याला प्राणवायू कमी पडतो. मग तो रक्त मागू लागतो. नव्या वाहिन्या फुटतात, पण भलत्या जागी: बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर आणि डोळ्यातले पाणी जिथून निचरते त्या कोपऱ्यात. निचरा तुंबतो, दाब चढतो, नस मरते. ‘डोळ्यांत रक्त उतरले’ असे आम्ही कवी रागासाठी लिहितो. इथे ते खरोखरच उतरते. नीला तुंबल्यावर साधारण तीन महिन्यांनी हे दिसते, म्हणून याला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ असेही नाव पडले.

उपाशी पडदा काहीतरी पाझरवतो, असा तर्क मायकेलसन यांनी १९४८ साली मांडला होता. तो पदार्थ मात्र हाती लागेना. पुढचा धागा कर्करोगाकडून आला. गाठीला वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडा म्हणजे गाठ उपाशी राहील, असे बोस्टनचे शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन १९७१ साली म्हणाले. त्यांची बरीच थट्टा झाली. शल्यचिकित्सकाने प्रयोगशाळेत कशाला लुडबूड करावी, हाही सूर होता! १९८९ साली फेरारा आणि सहकाऱ्यांनी वाहिन्या फुटवणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. १९९४ साली तेच प्रथिन रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात सापडले, आणि १९९६ साली माकडांच्या डोळ्यांत ते अडवल्यावर बाहुलीभोवती वाहिन्या फुटल्याच नाहीत.

या प्रथिनाला अडवणाऱ्या बेव्हासिझुमॅबला अमेरिकेत २००४ साली मंजुरी मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. नेत्रतज्ज्ञांनी त्याचा सव्वा मिलिग्रॅम डोळ्यात टोचून पाहिला. २००६ पासून या काचबिंदूतले अनुभव छापून येऊ लागले: काही दिवसांतच वाहिन्या सुकत होत्या.

पण श्रोतेहो, हा गुण काही आठवड्यांचाच. ठणका थांबला की माणूस दवाखान्याची वाट विसरतो. पडद्याची भूक तशीच राहते. तेवढ्या आठवड्यांत लेसरने पडद्याच्या कडेचा भाग जाळावा लागतो, म्हणजे रक्ताची मागणीच घटते. निचऱ्याचा कोपरा आधीच चिकटून मिटला असेल, तर वाहिन्या सुकूनही दाब उतरत नाही. तिथे शस्त्रक्रियाच करावी लागते.